बुडीत मोटारींची स्वस्ताई

पाडवा जवळ आला की आपल्याकडे घरोघर दोन भावांची चौकशी सुरू होते. एक सोन्याचा आणि दुसरा मोटारीचा. सोन्याची गोष्ट सोपी आहे. ते जुने असो, मोडके असो, आजीच्या पाटल्यांचे असो; सोनाराने मुशीत घालून आटवले की त्याचा मागचा इतिहास संपला. मोटार आटवता येत नाही. ती आपला सगळा इतिहास पोटात घेऊन फिरते, आणि तो इतिहास जितका वाईट तितकी ती विकणाऱ्याच्या तोंडी 'स्वस्त' होत जाते. या स्वस्ताईविरुद्ध मला आज चार शब्द लिहायचे आहेत. सणाच्या अंकात असला कडू विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू रस आपण जिभेला लावतोच की नाही? त्याच हक्काने वाचकांनी हाही लेख चाखावा.

आमचे नाटे हे राजापूर तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. यशवंतगड, जैतापूरची खाडी आणि साखरी नाटे येथील मासळीचे बंदर ही आमची ओळख. येथल्या कित्येक घरांतला एखादा तरी मुलगा आखातात नोकरीला असतो. सुट्टीवर आला की तो खजूर आणि अत्तर यांच्याबरोबर तिकडच्या हकिगतीही घेऊन येतो. अलीकडे या हकिगतींत एक नवी भर पडली आहे. शारजाच्या आवारांत म्हणे अमेरिकेहून आलेल्या, ठोकर खाल्लेल्या आणि पुरात भिजलेल्या मोटारी रांगांनी उभ्या असतात. तिकडचे कारागीर त्या ठोकून, जोडून, रंगवून अशा उभ्या करतात की काल शोरूममधून निघाल्या वाटाव्यात. किंमत नव्या गाडीच्या निम्म्याहून कमी. मग प्रश्न येतो, "गुरुजी, असली एखादी बोटीत घालून मुंबईला आणली तर?"

प्रश्न विचारणारा मुलगा कष्टाळू असतो. वाळवंटातल्या उन्हात मिळवलेला पैसा जपून खर्चावा ही त्याची इच्छा रास्त असते. म्हणून त्याला हसून चालत नाही, उत्तर द्यावे लागते.

आधी हा व्यापार चालतो कसा ते पाहू. अमेरिकेत मोटारीला मोठा अपघात झाला किंवा ती पुरात बुडाली की विमा कंपनी हिशेब मांडते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या फार जवळ जात असेल तर कंपनी मालकाला भरपाई देऊन मोकळी होते आणि मोडकी गाडी लिलावात काढते. अशा लिलावांवरच मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. १९८२ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली कोपार्ट ही त्यांतली एक. बोली संगणकावरून लागते, त्यामुळे गिऱ्हाईक परमुलुखात बसूनही दलालामार्फत गाडी उचलू शकते. मग ती गाडी पेटीत बसून शारजाला जाते, नाही तर काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जिया देशात तिबिलिसीजवळच्या रुस्तावीच्या बाजारात जाते. तेथे दुरुस्त होते आणि आणखी पुढच्या देशात विकली जाते. जुन्या मोटारींचा एकूण व्यापार केवढा आहे याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२० साली दिला. २०१५ ते २०१८ या चार वर्षांत युरोप, अमेरिका आणि जपान येथून सुमारे १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या मोटारी परदेशी गेल्या, आणि त्यांतल्या शंभरातल्या ऐंशी गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत उतरल्या. श्रीमंतांच्या दारातून निघालेली गाडी गरिबाच्या दारात येऊन थांबते, असा याचा अर्थ.

हा धंदा मुळात चोरीचा नव्हे, हे मी प्रथमच सांगून टाकतो. अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीपत्रावर 'साल्व्हेज' असा शिक्का बसतो. म्हणजे ही गाडी एकदा निकालात निघालेली आहे, हे घेणाऱ्याला डोळ्यांनी वाचता येते. शिक्का वाचून, किंमत पाडून, धोका समजून कोणी ती घेतली तर त्याला दोष देणारे आपण कोण? भानगड पुढे होते. गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली, समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात गेली, कागद नवा झाला, भाषा बदलली, की तो शिक्का वाटेत कोठे तरी गळून पडतो. गाडी तीच असते, तिची हकिगत तेवढी बुडते.

आता आपल्या देशाचा कायदा. परदेशातली वापरलेली मोटार भारतात आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांहून जुनी असता कामा नये. तिचे चाक उजव्या बाजूला हवे. वेग किलोमीटरमध्ये दाखवणारा काटा हवा, आणि दिवे डावीकडून चालणाऱ्या रहदारीला साजेसे हवेत. निदान पाच वर्षे रस्त्यावर चालण्यास ती योग्य आहे असा दाखला हवा, आणि उतरवायची ती मुंबई बंदरातच. आखातातल्या गाड्यांचे चाक डावीकडे. तिथेच अर्धा निकाल लागला. उरलेला अर्धा त्या दाखल्याने लागतो, कारण जी गाडी विमा कंपनीने निकालात काढली तिला पाच वर्षांची हमी कोण देणार? एवढे करूनही कोणी सगळ्या अटींत बसणारी गाडी शोधलीच, तर जकात आणि कर मिळून गाडीच्या किमतीहून अधिक भरावे लागतात, आणि ते नुसत्या लिलावाच्या किमतीवर नव्हे, बोटीचे भाडे व विमा त्यात मिळवून. समजा, चार लाखांना लिलावात मिळाली. भाडे, विमा, जकात धरून ती बंदरात उतरेपर्यंत नऊ-दहा लाखांच्या घरात गेली, आणि अजून दुरुस्तीला हातही लागलेला नाही. त्यात ती जात इकडे विकली जात नसेल तर एका आरशासाठी परदेशात पत्र लिहायचे. मुलगा गणितात कच्चा नसतो. एवढे मांडले की तो स्वतःच वही मिटतो.

पण जेथे सरळ वाट बंद होते तेथे आडवाट दाखवणारे दलाल उभे राहतात. "कायद्याचे आम्ही बघतो, तुम्ही पैसे द्या," असे सांगणारा माणूस या धंद्यात हटकून भेटतो. २०२५ च्या सप्टेंबरात केरळात कोचीच्या कस्टम्स खात्याने 'नुमखोर' नावाची मोहीम काढली. भूतानच्या भाषेत नुमखोर म्हणजे वाहन. भूतानच्या लष्कराने लिलावात काढलेल्या आणि तिकडच्या इतर मोटारी सरहद्दीवरून आणून, बनावट कागदांवर दुसऱ्या राज्यांत नोंदवून, श्रीमंत हौशी मंडळींना विकल्या, असा खात्याचा आरोप. तीसेक ठिकाणी छापे पडले आणि गाड्या जप्त झाल्या. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. परंतु परदेशी लिलावातली स्वस्त गाडी घेणाऱ्याच्या दारात एक दिवस कस्टम्सची जीप उभी राहू शकते, एवढा धडा त्यातून घ्यायला निवाड्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

यावर कोणी विचारील, "गुरुजी, कायद्याने दार बंदच केले आहे, तर तुम्ही ओरडता कशाला?" मी ओरडतो ते यासाठी की समुद्राकडचे दार बंद असले तरी घराच्या मागचे दार सताड उघडे आहे. बुडालेली मोटार आणण्यासाठी आपल्याला अमेरिकेला जावे लागत नाही. ती आपल्याच जिल्ह्यात तयार होते.

२२ जुलै २०२१ चा दिवस रत्नागिरी जिल्हा विसरणार नाही. वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि कित्येक ठिकाणी पहिल्या मजल्याला टेकले. माणसे माळ्यावर, गच्चीवर जीव मुठीत धरून बसली. खाली दुकाने, धान्य, वह्यापुस्तके आणि रस्त्यावरच्या मोटारी बुडाल्या. त्याआधी २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि तेव्हाही उपनगरांत मोटारींची अशीच गत झाली. पुढच्याच महिन्यात, २९ ऑगस्टला, अमेरिकेत कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडवले. तिकडच्या बुडालेल्या मोटारी वाळवून, पुसून दूरदूरच्या राज्यांत विकल्या गेल्याचा बोभाटा झाला. आपल्याकडे बोभाटाही होत नाही, हा फरक.

आपल्याकडे बुडालेल्या गाडीचे पुढे काय होते? दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर जात असेल तर विमा कंपनी तिला 'टोटल लॉस', म्हणजे संपूर्ण नुकसान, ठरवते. मालकाला भरपाई मिळते आणि गाडी सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याकडे जाते. बोली लावणाऱ्यांत प्रामाणिक भंगारवाला असतो, तो तिचे दरवाजे, काचा, चाके सुटी करून विकतो. प्रामाणिक कारागीर असतो, तो ती खरोखर नीट करतो. पण तिसराही एक असतो. तो तिला उन्हात वाळवतो, गाद्या धुतो, अत्तर फवारतो, आणि जेथे तिला कोणी ओळखत नाही अशा जिल्ह्यात नेऊन उभी करतो. चौथा तर याहून हुशार. त्याला गाडी नकोच असते. त्याला तिचा चासी नंबर आणि कागद हवे असतात, चोरीच्या गाडीला चढवण्यासाठी.

आणि कायदा? मोटार वाहन कायदा, १९८८, याचे ५५ वे कलम सांगते की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत, अथवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्याला कळवून नोंदणीपुस्तक परत करावे. कलम चांगले आहे. पण 'कायमची निकामी' हे ठरवायचे कोणी? मालक म्हणतो, पैसे मिळाले, माझा संबंध संपला. विमावाला म्हणतो, दुरुस्ती परवडत नाही एवढेच आम्ही म्हटले, होत नाही असे कोठे म्हटले? लिलावात घेणारा म्हणतो, मी तर चालू करून दाखवली! तिघांच्या या टोलवाटोलवीत नोंदणीपुस्तक कोरे राहते. ज्या गाडीला एका कचेरीने 'संपूर्ण नुकसान' म्हटले, तिच्याच कागदावर दुसऱ्या कचेरीत त्याची एक ओळही नसते.

पाणी शिरले म्हणून बिघडले काय, वाळले की झाले, असे समजणाऱ्यांनी आमच्या बंदरावर यावे. खारे पाणी लोखंडाला लागले की ते आत आत जात राहते, हे येथे शाळेत न गेलेल्या खलाशालाही ठाऊक असते. पुराचे पाणी खारे नसले तरी त्यात गाळ असतो, घाण असते. आजची मोटार म्हणजे नुसते इंजिन नव्हे. तिच्या अंगात तारांचे जाळे आणि लहान संगणक असतात. ब्रेक, चाकाचा जडहलकेपणा, अपघातात फुगणारी हवेची पिशवी, सगळे त्या तारांवर चालते. तारांचे सांधे एका दिवसात बिघडत नाहीत. ते सहा महिन्यांनी, वर्षाने कुजतात, म्हणजे विकणारा दूर गेल्यावर.

आमच्या वाडीतल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. त्यांच्या वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी रत्नागिरीला न्यावे लागे. एसटीच्या वेळा जुळत नव्हत्या. त्यांनी पतपेढीचे कर्ज काढले, बायकोच्या बांगड्या मोडल्या आणि घाटावरच्या एका दलालाकडून सहा वर्षांची गाडी घेतली. बाजारभावापेक्षा लाखभर रुपये कमी. कागद स्वच्छ. पहिला पावसाळा लागला आणि दिवे मिचमिचू लागले. एका रात्री परतताना आडिवऱ्याच्या अलीकडे सगळी गाडी एकाएकी काळोखी झाली. मागच्या बाकावर थकलेला म्हातारा आणि बाहेर आषाढाचा पाऊस. दोन तासांनी मासळीचा टेंपो आला, त्यातून त्यांना घरी आणले. पुढे मिस्त्रीने पायाखालची चटई उचकटली तेव्हा खाली वाळलेल्या गाळाचा थर निघाला, आणि तांब्याच्या सांध्यांवर हिरवे कीट. ती गाडी कोणत्या गावात, कोणत्या पुरात बुडाली होती हे आजही कोणाला ठाऊक नाही. दलाल म्हणाला, "मी जशी घेतली तशी दिली." कदाचित खरेही बोलत असेल!

पण माझा मुद्दा याच्या पुढे आहे. त्या गृहस्थांनी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक आले. यांनी गाळाची गोष्ट सांगितली, गिऱ्हाईक गेले. दुसरे आले, तेही गेले. त्याच दलालाने फोनवर सल्ला दिला, "तुम्ही बोलता कशाला? गप्प बसा, आठवड्यात खपेल." आता विचार करा. घरात आजारी माणूस, डोक्यावर कर्ज, आणि नुसते गप्प बसले की पैसे परत. त्यांनी गाडी वजनावर भंगारात घातली. हप्ते अजून चालू आहेत. माझ्या दृष्टीने ही त्या माणसाची थोरवी आहे. पण ज्या व्यवहारात सरळ राहण्यासाठी माणसाला थोर व्हावे लागते तो व्यवहारच वाईट. हकिगत लपवलेली मोटार प्रत्येक घेणाऱ्यापुढे दोनच वाटा ठेवते: स्वतः बुड, नाही तर दुसऱ्याला बुडव. तिची स्वस्ताई या गप्प बसण्यातून आलेली असते.

माझ्याविरुद्ध दोन आक्षेप येतील. पहिला असा, की जुन्या आणि मोडक्या मालावरच गरिबाचा संसार चालतो, आणि हा मास्तर तोही हिरावून घ्यायला निघाला. छे! जुन्याशी माझे मुळीच वैर नाही. आमच्या मच्छीमार बोटींत ट्रकची इंजिने बसवलेली असतात. मुंबईच्या दारूखान्यातले आणि कुर्ल्याचे भंगार कोकणातल्या कित्येक धंद्यांना उपयोगी पडले आहे. पण आमच्या बंदरात जुनी होडी कशी विकली जाते ते पाहा. घेणारा तांडेल हातोडीने एकेक फळी वाजवतो, सांध्यात सुरीचे टोक खुपसून बघतो. आणि मुख्य म्हणजे ती होडी कधी आपटली, कधी बुडाली, कोणी वर काढली, हे खाडीच्या दोन्ही काठांना माहीत असते. होडीबरोबर तिची हकिगत विकली जाते, म्हणून तिची किंमत खरी असते. मोटार गावाच्या आठवणीपलीकडे शेकडो मैल जाते. तेथे गावाच्या आठवणीचे काम कागदानेच करायला हवे.

दुसरा आक्षेप असा, की असल्या नोंदी ठेवणे आपल्यासारख्या अवाढव्य देशात शक्य नाही. अमेरिका काही लहान देश नव्हे. तिने १९९२ च्या कायद्याने मोटारींच्या मालकीपत्रांची देशव्यापी नोंदवही ठरवली. ती पुरी व्हायला वर्षे लागली, पण २००९ पासून सामान्य गिऱ्हाइकालाही ती पाहता येते, आणि विमा कंपन्यांना व भंगारवाल्यांना दरमहा माहिती द्यावी लागते. इंग्लंडात ऑक्टोबर २०१७ पासून अशा गाड्यांचे चार वर्ग आहेत. एक संपूर्ण चिरडायचा, दुसऱ्याचे सुटे भाग वापरायचे पण सांगाडा चिरडायचा, तिसरा सांगाड्याला इजा झालेला पण दुरुस्त होणारा, चौथा सांगाडा शाबूत असलेला. आपल्याकडेही देशभरच्या गाड्यांची 'वाहन' नावाची संगणकी नोंद आहे. २०२१ च्या नियमांनी गाड्या मोडीत काढण्याची नोंदणीकृत केंद्रे आली आहेत. घर बांधून तयार आहे, त्यात एक खिडकी पाडायची आहे.

माझी मागणी म्हणून लहान आहे. विमा कंपनीने ज्या दिवशी 'संपूर्ण नुकसान' म्हणून भरपाई दिली त्या दिवशी तिनेच ते नोंदणी कचेरीला कळवावे. नोंदणीपुस्तकावर एक ओळ यावी: ही गाडी अमुक साली पुरात बुडाली, किंवा अपघातात निकालात निघाली. जी दुरुस्त होण्याजोगी नाही तिची नोंदणी लिलावाआधी रद्द व्हावी, म्हणजे चोराला तिचे कागद मिळणार नाहीत. जी दुरुस्त झाली तिची तपासणी होऊन ती खुशाल विकली जावी, ओळ मात्र राहावी. ती ओळ वाचून किंमत आणखी उतरेल. उतरू दे! गरिबाला तीच खरी स्वस्त गाडी मिळेल, कारण किती धोका घेतो आहोत हे त्याला कळलेले असेल.

हे होईपर्यंत वाचकांनी तांडेलाची सुरी आपल्या खिशात ठेवावी. गाडी आवडली की आधी सुरक्षेचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते का. चटईखाली हात घाला. जादा चाकाच्या खळग्यात डोकावा. बाकाखालचे स्क्रू गंजलेत का, दिव्यांच्या काचेत पाण्याचा डाग आहे का, ते पाहा. अत्तराचा वास फार येत असेल तर कशावर पांघरूण घातले आहे ते विचारा. विकणाऱ्याकडे विम्याचा जुना इतिहास मागा, आणि 'गाडी पुरात बुडालेली नाही' एवढे वाक्य त्याच्या सहीनिशी लिहून घ्या. जो लिहून द्यायला कां-कूं करील, त्याचे उत्तर तुम्हाला मिळालेच.

आणि आखातातून येणाऱ्या आमच्या मुलांना एवढेच सांगणे आहे, की बाबांनो, तिकडून आणायचे तर ती शिक्का मारण्याची रीत आणा. गाड्या आपल्याकडे पुष्कळ आहेत.